एक किलोच्या आत

शुक्रवारी संध्याकाळी मकरंद उदगीरकर नवा लॅपटॉप घेऊन बरकतपुऱ्यातल्या घरी आला, तेव्हा त्याने खोका शर्टाच्या आत लपवला होता. शर्ट त्याच्या मापाचा होता आणि खोका नव्हता, त्यामुळे ते लगेच लक्षात आलं.

"काय आहे ते?" नरहररावांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. लॅपटॉप."

"ठेव."

कुठे ठेव, हे सांगायची त्या घरात गरज नव्हती. दाराशी चपलांच्या कपाटावर मोठ्या परड्यांचा पितळी तराजू होता, आणि उदगीरकरांकडे कुठलीही वस्तू आधी तिथे थांबायची, मग आत यायची. नरहररावांनी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण ते फक्त पगाराच्या बाबतीत. तांदूळ, साखर, गॅसचं सिलिंडर, लग्नात आलेला चांदीचा पेला, सगळं तोललं जायचं. मकरंद जन्मला तेव्हा इस्पितळाच्या कागदावरचं वजनसुद्धा त्यांनी मान्य केलं नव्हतं. घरी तो ऐंशी ग्रॅम कमी भरला होता. "बदलून आणू काय म्हणाले होते," त्याची आई इंदुमतीबाई अजूनही सांगायच्या.

मकरंदला हे सगळं पाठ होतं. तरीही तो घाबरला होता, कारण सोमवारी त्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं.

विद्यानगरमधली ‘मुक्तपाटी’ नावाची एक छोटी संस्था सरकारी शाळांतल्या म्हाताऱ्या संगणकांवर लिनक्स बसवून द्यायची. लिनक्स म्हणजे कुणाच्या मालकीची नसलेली, कुणीही उघडून बघावी आणि दुरुस्त करावी अशी प्रणाली. मकरंदचा तिच्यावर कॉलेजपासून जीव होता. संस्थेच्या पत्रात दोन अटी होत्या. लॅपटॉप स्वतःचा आणि त्यावर फक्त खुली प्रणाली; आणि लॅपटॉपचं वजन एक किलोपेक्षा कमी, तसं सहीनिशी लिहून द्यायचं. एक किलो का, हे पत्रात नव्हतं.

लॅपटॉप निवडायला मकरंदला वीस दिवस लागले. एक किलोच्या आतले लॅपटॉप मुळात कमी, आणि त्यातले लिनक्सशी पटवून घेणारे त्याहून कमी. एकात वायफाय लागत नव्हतं. एक झोपवला की उठत नव्हता. एकाबद्दल ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘अप्रतिम चालतो, दोन वर्षं वापरतोय, फक्त स्क्रीन लागत नाही.’ मकरंदने तोही यादीत ठेवला होता. शेवटी एकच उरला, ज्यावर सगळं चालत होतं आणि ज्याच्या खोक्यावर ‘९९० ग्रॅम’ असं छापलं होतं.

नरहररावांनी तो परडीत उभा केला. दुसऱ्या परडीत वजनं टाकली. काटा थरथरला, स्थिरावला. त्यांनी चष्मा वर केला.

"एक हजार अठरा."

"चालतंय की बाबा. अठ्ठावीस ग्रॅम तर जास्त आहे."

"अठ्ठावीस ग्रॅम," नरहरराव म्हणाले, "हे मला केशराच्या दुकानात बोलून दाखव."

"त्याला कायकू परेशान करताय?" स्वयंपाकघरातून इंदुमतीबाई म्हणाल्या. "नोकरीचं लेकराला किती दिवसांनी जमलंय. कोण बघायला बसलंय तिथं?"

"सही कोण करणार? उदगीरकर. काय म्हणून? एक किलोपेक्षा कमी म्हणून. तू सही कर बापू, मी अडवत नाही. मी फक्त संस्थेला एक शुद्धिपत्र पाठवतो."

मकरंद खुर्चीत बसला. नरहरराव शुद्धिपत्र पाठवतील यात शंका नव्हती. मकरंदची मागची नोकरी किराणा घरपोच करणाऱ्या कंपनीत होती. तिसऱ्या दिवशी नरहरराव त्याचा डबा द्यायला म्हणून गेले, स्वागतकक्षात शोभेला ठेवलेलं पोह्याचं एक किलोचं पाकीट त्यांनी हातात घेतलं, आणि चौथ्या दिवशी मकरंद घरी होता. त्याला चौदा महिने झाले. आता त्याची एकच इच्छा उरली होती. पगार कमी असला तरी चालेल, शाळा लांब असल्या तरी चालतील. पहिला दिवस काहीही न तोलता पार पडावा.

शनिवारी सकाळी बापलेक कोठी भागातल्या लॅपटॉपच्या दुकानात उभे होते. मकरंदच्या हातात लॅपटॉप उघडा होता, कारण त्यावर लिनक्स बसवणं चालू होतं आणि ते मध्ये थांबवायचं नसतं. एकतीस टक्के झालं होतं.

दुकानाचे मालक बबलूभाई सज्जन माणूस. त्यांनी खोका उलटा केला, आतली बारीक अक्षरं दाखवली. "देखो अंकल, साफ लिखा है. वजन नौसौ नव्वद ग्रामसे आगे. आगे बोलेतो आगे."

"हाथी भी नौसौ नव्वद ग्रामसे आगेच रहता," नरहरराव म्हणाले.

बबलूभाईंनी यावर थोडा विचार केला. त्यांना मुद्दा बरोबर वाटला असावा, कारण ते चिडले. "अंकल, बुरा नक्को मानो. मेरेकू लगता आपका तराजू गलत है."

मकरंदने डोळे मिटले. चौतीस वर्षांत हे वाक्य नरहररावांना कुणी म्हटलं नव्हतं. ते त्यांनी इतरांना म्हटलं होतं, शेकडो वेळा, आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो ते पाहिलं होतं. आता तोच चेहरा त्यांचा झाला.

"बेगम बाजार चलो," ते म्हणाले. "मेरे तराजूपो नक्को. तुमारे तराजूपो भी नक्को. तिसरे तराजूपो."

"मैं आऊं तो दुकान कौन देखिंगा?"

"बंद करो."

आणि बबलूभाईंनी खरंच शटर ओढलं. नरहरराव ‘बंद करो’ म्हणाले की शटर ओढायचं, हे शहरातल्या व्यापाऱ्यांच्या हाडात मुरलेलं होतं. बबलूभाईंचे वडील धान्याचे व्यापारी होते.

तिघं रिक्षाने निघाले. मकरंद मध्ये, मांडीवर लॅपटॉप, पंचेचाळीस टक्के.

बेगम बाजारात ते शिरले आणि मसाल्याच्या गल्लीत एक विचित्र गोष्ट घडू लागली. पहिल्या दुकानदाराने नरहररावांना पाहिलं आणि काट्यावर पोतं टाकलं. दुसऱ्याने काट्यावर नोकराला बसवलं. तिसऱ्याने थेट दुकान बंद केलं. माणूस निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती खरी, पण निवृत्तीचा कागद खात्याने बेगम बाजाराला दाखवला नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत एकापाठोपाठ शटरं पडत गेली. खरेदीला आलेल्या बायका बाहेर उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, "बंद है क्या आज? कायकू बंद है?" कुणीतरी सांगितलं, मोठा मोर्चा येतोय. लगेच पलीकडच्या गल्लीतलीही शटरं पडली.

एकच दुकान उघडं राहिलं. गुलाबचंद मिरचीवाल्यांचं. ते पळाले नाहीत, कारण त्यांचे गुडघे दुखायचे.

"आओ साब," ते खालच्या आवाजात म्हणाले. "रिटायर हुए बोले थे ना?"

"हौ. हुआ ना."

"फिर?"

"मिरची नहीं तोलना है, गुलाबचंदजी. ये तोलना है."

गुलाबचंदांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग नरहररावांकडे पाहिलं. खातं आता कॉम्प्युटरवरही आलं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी वेलदोडे तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा पुढे सरकवला, आणि न विचारता त्याचं शिक्क्याचं प्रमाणपत्रही.

"बंद करून ठेव," नरहरराव म्हणाले.

"नाही करता येत बाबा, त्रेसष्ट टक्के झालंय. आता बंद केला तर पुन्हा पहिल्यापासून. बिघडेलसुद्धा."

"असू दे. चालू असताना वजन बदलतं काय तेही कळेल."

लॅपटॉप काट्यावर ठेवला. सगळे वाकले. आकडे धावले आणि थांबले. एक हजार अठरा.

नरहररावांनी बबलूभाईंकडे पाहिलं. बबलूभाईंनी मान खाली घातली. हा क्षण इथे संपला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण गल्लीत मोर्चा येणार म्हणून गुलाबचंदांच्या हमालाने बाहेर वाळत टाकलेली रिकामी पोती आत ओढायला घेतली होती, आणि मिरचीचं रिकामं पोतं कधीच रिकामं नसतं. त्याने ती काट्याशेजारी टाकली. लाल धूर उठला.

पुढची पाच मिनिटं कुणाला काही दिसलं नाही. शिंकांच्या आवाजावरून माणसं ओळखावी लागत होती. त्या सगळ्यात लॅपटॉपचा पंखा मात्र शांतपणे, पूर्ण वेगाने फिरत होता. लिनक्स बसवताना यंत्र तापतं, तापलं की पंखा हवा आत ओढतो. हवा ती होती.

धूर खाली बसला. नरहररावांनी डोळे पुसले आणि काट्याकडे पाहिलं.

"एक हजार एकवीस," ते म्हणाले. "तीन ग्रॅम मिरची."

"बस," बबलूभाई शिंकत म्हणाले, "अब ये वापस नहीं होता अंकल. कंपनीकू क्या बोलूं मैं? तिखा हो गया बोलूं?"

माल मूळ स्थितीत नसेल तर परत करता येत नाही, हा नियम नरहररावांना मान्य होता. बबलूभाईंनी खिन्नपणे रामराम केला. मकरंदने लॅपटॉप उचलला. शहाण्णव टक्के. रिक्षात तो शंभर झाला, लिनक्सचा पडदा उजळला, वायफाय दिसलं, आवाज आला, झोपवल्यावर उठलासुद्धा. उठताना मात्र त्याने पंख्यातून एक लाल फुंकर मारली, आणि रिक्षावाल्याने काचीगुड्याजवळ गाडी बाजूला घेतली.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरून लॅपटॉप उघडण्यात आला. मिरची काढायची म्हणजे तळाचे स्क्रू काढायलाच हवे होते. मकरंदच्या हातात रंगकामाचा बारीक ब्रश होता. नरहररावांनी तराजू टेबलावर आणून ठेवला होता, शेजारी वही. इंदुमतीबाई नाकाला पदर लावून लांब बसल्या होत्या.

"मिरची चांगली आहे रे," त्या म्हणाल्या. "टाकू नका."

मिरची तीन ग्रॅमच निघाली. लॅपटॉप पुन्हा एक हजार अठरावर आला. मकरंद त्याच्या उघड्या पोटाकडे बघत बसला.

"बाबा."

"हं."

"एकोणीस ग्रॅम कमी केले तर नऊशे नव्व्याण्णव होतील."

नरहररावांनी वहीतून डोकं वर काढलं. मुलाच्या तोंडून इतकी सरळ बेरीज-वजाबाकी त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. "होतील," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा पुढे सरकून बसले.

आधी चिकटपट्ट्या निघाल्या. ‘आत अमुक, आत तमुक’ सांगणाऱ्या चार. एक ग्रॅम.

"माल कमी, जाहिरात जास्त," नरहररावांनी शेरा मारला.

मग तळाचे रबरी पाय. चार ग्रॅम.

"मग ते उभं कसं राहायचं?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"आडवं," मकरंद म्हणाला.

मग दोन्ही स्पीकर. दहा ग्रॅम. रिक्षात आवाज आला तेव्हा मकरंदला झालेला आनंद नरहररावांनी पाहिला होता, म्हणून त्यांनी ते स्वतः तोलले नाहीत, त्यालाच तोलू दिले. मग कॅमेरा. एक ग्रॅम. मग दहापैकी सहा स्क्रू. दोन ग्रॅम.

"चार स्क्रूवर टिकेल?"

"लिनक्सवाले लोक असेच राहतात, बाबा."

सगळं पुन्हा बसवलं, तोललं. काटा मधोमध. बरोबर एक हजार.

"झालं!" इंदुमतीबाई म्हणाल्या. "एक किलो. उठा आता, चहा टाकते."

"कागद काय म्हणतो?" नरहररावांनी विचारलं.

मकरंदने कागद वाचला. "एक किलोपेक्षा कमी."

"हा एक किलो आहे. एक किलोपेक्षा कमी नाही."

मकरंदने लॅपटॉपचं सगळं अंग न्याहाळलं. काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग त्याची नजर कळांवर गेली. एका कळेवर दुसऱ्याच प्रणालीची खूण होती; तिचं या घरात आता काही काम नव्हतं. ती त्याने नखाने उपटली. अर्धा ग्रॅम.

"अजून अर्धा," नरहरराव कुजबुजले.

कोपऱ्यात ‘इन्सर्ट’ लिहिलेली एक कळ होती. मकरंदने सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात ती एकदाच दाबली होती, चुकून. तीही निघाली.

काटा हलला. केसभर, पण हलला.

"नऊशे नव्व्याण्णव," नरहरराव म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक प्रमाणपत्र लिहिलं, खाली सही केली, सहीखाली ‘निवृत्त’ असं अगदी बारीक लिहिलं. मग मुलाच्या पाठीवर हात ठेवला. त्या घरात हे क्वचित घडायचं. मकरंदला बरं वाटलं. ते पुढच्या वाक्यापर्यंत टिकलं.

"उद्या मी येतो सोबत."

"कशाला?"

"त्यांनी तोलला तर? त्यांच्या काट्याचा काय भरवसा? एका ग्रॅमची गोष्ट आहे."

"बाबा, नको. पोहे आठवा."

"मी वर येत नाही. खाली थांबतो. तराजू स्कूटरवर ठेवतो. कुणी वजनाबद्दल काही बोललं, तर तू नुसती हाक मार."

सोमवारी पावणेदहाला विद्यानगरमधल्या एका इमारतीखाली स्कूटर थांबली. पायाशी तराजूची लाकडी पेटी. मकरंद एकटा दुसऱ्या मजल्यावर गेला. जिना चढताना त्याने स्वतःला एकच गोष्ट बजावली: वर कुणीही, कशाचंही, वजन काढायचं नाही.

संस्थेच्या प्रमुख त्रिवेणी मॅडम पन्नाशीच्या, घाईतल्या बाई. त्यांनी वजनाचं निवेदन घेतलं, प्रमाणपत्र घेतलं, दोन्ही न वाचता फायलीत लावलं.

"लिनक्स चालतं ना?"

"हो मॅडम."

"बस. वेल्कम."

इतकंच. मकरंदला भरून आलं. कुणी तोललं नाही, विचारलं नाही, उचलूनसुद्धा बघितलं नाही. आपण स्पीकर कशासाठी काढले हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला केला. तो आता नोकरदार माणूस होता.

"मॅडम, एक विचारू? एक किलोच का?"

"अरे, तो नियम या पिशवीमुळे आहे." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे जाड कापडाची खांद्याला अडकवायची पिशवी होती, तिच्यावर मार्करने ‘८ किलो’ लिहिलेलं. "प्रोजेक्टर, वायरी, बॅटरी, बोर्ड. प्रत्येकाने शाळेत न्यायची. बाकीचं एवढं जड, म्हणून म्हटलं लॅपटॉप तरी हलका असू दे."

पलीकडच्या टेबलावरून प्रणिता नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती आठ नाही हो. माझी पण नाही. मी कधीची सांगतेय."

"पुन्हा सुरू झाली," त्रिवेणी मॅडम मकरंदला म्हणाल्या. "सगळे म्हणतात आठपेक्षा जास्त आहे. मी म्हणते, मग कुणीतरी नीट तोलून द्या. आठच्या वर निघाली तर मी दोन-दोन माणसं पाठवेन. पण तोलणार कोण? बघ बरं उचलून. तुला किती वाटते?"

मकरंदने पिशवी खांद्याला लावली. उजवा खांदा बाजूला जाऊन खाली गेला. मानेची शीर फुगली. ती आठ किलो नव्हती. बारा होती, आणि वर थोडी. खिडकीतून खालची स्कूटर दिसत होती. नरहरराव तिच्याशेजारी उभे होते, एक हात पेटीच्या कडीवर, मान वर, कान टवकारलेले. एक हाक. एका हाकेत प्रणिताला न्याय मिळाला असता, मकरंदला जोडीदार मिळाला असता, नरहररावांना बघता बघता सगळं ऑफिस मिळालं असतं. पंख्यापासून पाण्याच्या जारपर्यंत.

"किती वाटते?" त्रिवेणी मॅडमनी पुन्हा विचारलं.

उदगीरकरांच्या घराण्यात वजनाबाबत आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं.

"हलकी आहे, मॅडम," मकरंद म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक आला. "आठ कुठली? सहा-साडेसहा असेल."

त्रिवेणी मॅडमचा चेहरा उजळला. "ऐकलंस प्रणिता? याला म्हणतात माणूस. दे, तुझीही यालाच दे. दोन शाळा एका दिवसात होतील."

प्रणिताने क्षणभरही उशीर केला नाही. तिने आपली पिशवी त्याच्या दुसऱ्या खांद्याला अडकवली.

मकरंद दोन्ही हात जरा बाजूला धरून, पाऊल पाऊल टाकत बाहेर गच्चीवजा सज्ज्यात आला आणि श्वास घ्यायला थांबला. खालून नरहररावांनी त्याला पाहिलं. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, मान काट्यासारखी मधोमध सरळ, आणि कुठलीच बाजू तसूभरही खाली नाही. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी समाधानाने मान हलवली, पेटीच्या कडीवरचा हात काढला आणि स्कूटरला किक मारली.